बल, गती आणि संवेग: सुरुवात कोठून करावी

बल आणि गतीचा अभ्यास कोठून सुरू करावा, असे आपण विचारले आहे, आणि सर्व सूत्रे आधी पाठ करायला घेतली आहेत, असेही लिहिले आहे. ती वही तूर्त बाजूला ठेवावी. सुरुवातीला तीनच गोष्टी पक्क्या व्हाव्यात.

पहिली, माझ्या मते सर्वांत महत्त्वाची: बल लागते ते वेग बदलण्यासाठी, टिकवण्यासाठी नव्हे. कारखान्याकडे सरळ, एकसमान वेगाने जाणाऱ्या उसाच्या ट्रॉलीवरील निव्वळ बल, म्हणजे सर्व बलांची दिशेसह बेरीज, शून्य असते. ट्रॅक्टरची ओढ केवळ घर्षण आणि हवेचा विरोध भागवते. (हे मनापासून पटायला मला अख्खे वर्ष लागले.)

दुसरी: संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, आणि तो जितक्या कमी वेळात बदलायचा तितके जास्त बल लागते (संवेगातील बदल भागिले वेळ). तीच ट्रॉली १०,००० किलोग्रॅमची असून ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाने जात असेल, तर ती १० सेकंदांत थांबवायला सरासरी ५,००० न्यूटन बल लागते, पण २ सेकंदांत थांबवायची तर २५,०००. तालमीतली माती उकरून भुसभुशीत ठेवण्यामागेही हेच आहे: पाठीवर आपटलेला मल्ल मातीत किंचित रुततो, थांबण्याचा काळ वाढतो आणि मार कमी बसतो.

तिसरी: क्रिया आणि प्रतिक्रिया दोन वेगळ्या वस्तूंवर असतात, त्यामुळे त्या एकमेकींना रद्द करत नाहीत.

ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर न करता ते सूत्रात घालणे ही नवख्यांची नेहमीची चूक. प्रत्येक गणितात आधी एकच वस्तू निवडून तिच्यावरील बलांची आकृती काढावी. परिवलन गतीचे, म्हणजे अक्षाभोवती फिरणाऱ्या वस्तूंचे, प्रकरण सध्या उघडूच नये.