स्वस्त रॅम ओव्हरक्लॉक करू की महागडी किट घेऊ?

भावा, तुझ्याकडे रायझन 5 5600जी प्रोसेसर, बी450 मदरबोर्ड आणि 3200 वेगाची 8 जीबी रॅमची एकच स्टिक. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. विश्रामबागेतला दुकानदार म्हणतोय, ही देऊन टाक आणि दिव्यांची 3600 सीएल16 किट, म्हणजे दोन स्टिकची जोडी घे. सीएल म्हणजे डेटा मागितल्यापासून तो यायला लागणारे ठोके. तुझं म्हणणं, हीच ओव्हरक्लॉक करू, म्हणजे ठरलेल्या वेगापुढे 3600ला पळवू. मी म्हणतो, दोन्ही राहू दे, आधी अशीच दुसरी साधी स्टिक आण.

5600जीमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते तुझ्या रॅमवरच जगतं. 3200ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त 25.6 जीबी डेटा देते. तीच 3600वर नेलीस तर 28.8. आणि दोन साध्या स्टिक दोन चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन वेगळ्या वाटांवर लावल्या की 51.2. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, आठवडाभर डोकं खाजवून साडेबारा टक्के, नाहीतर नुसती जोडी लावून दुप्पट. बोर्डाला चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा धर. शेजारी शेजारी खोचून ‘काही फरक नाही ओ’ म्हणणारे मी पाहिलेत.

महागड्या किटमध्ये पैसे जातात ते निवडीचे. तासगावच्या शेडमधून बेदाणा एकत्रच निघतो, मग निवडणीत लांब हिरवा वेगळा पडतो आणि त्याचा भाव वेगळा लागतो, चिपचंही तसंच. सॅमसंगच्या बी-डाय नावाच्या चिपला लोक इतके भाळले ते याचमुळे. पण खोक्यावरचा मोठा आकडा बघून भुलू नकोस. सीएलला 2000ने गुणून वेगाने भाग, नॅनोसेकंद निघतात. 3200 सीएल16 म्हणजे 10, आणि 3600 सीएल18 म्हणजेही 10च. 3600 सीएल16 खरंच 8.9वर येते, पण ते पैसे आधी दुसऱ्या स्टिकमध्ये घाल. उलट वर धातूचा पत्रा नसलेल्या स्वस्त स्टिक बऱ्याचदा 3200 सीएल22 असतात, म्हणजे 13.75. ओव्हरक्लॉकला खरा वाव तिथे आहे.

जोडी लागल्यावर हौस भागव. व्होल्टेज 1.2 वरून 1.35, वेग आधी 3333, मग 3466, मग 3600, आणि फॅब्रिक क्लॉक, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या जोडरस्त्याचा ठोका, 1800. 3600च्या रॅमचा खरा ठोकाही निम्मा, 1800च, म्हणजे दोघं एका तालात चालतील. जमलं नाही तर स्क्रीन काळी, पंखा फिरतोय, मशीन दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होतं आणि बहुतेक वेळा जुन्या सेटिंगवर परत येतं. नाहीच आलं तर प्लग काढून बोर्डावरचा गोल सेल थोडा वेळ बाहेर ठेव. घाबरायचं कारण नाही.

घाबरायचं ते ‘चालतंय की’ला. मी स्वस्तातली जोडी 3733ला ओढली होती. विंडोज उघडलं, दोन दिवस गेम चालले. मग एका मित्राच्या हळदीचे व्हिडिओ झिप करून हार्ड डिस्कवर टाकले आणि कॅमेऱ्याचं कार्ड पुसलं. महिन्याने उघडायला गेलो तर सीआरसी एरर, म्हणजे फाइलमधला डेटा बिघडलाय. तासाने पुन्हा उघडलं तर एरर दुसऱ्याच फाइलवर! मी आळ घेतला डिस्कवर. केबल बदलली, डिस्क दुसऱ्या मशीनला लावली. शेवटी रॅम तपासणारं मेमटेस्ट86 लावलं, तर तिसऱ्या फेरीत लाल ओळी. 3600वर आणल्यापासून एकही चूक नाही, पण लिहितानाच बिघडलेले ते व्हिडिओ गेले ते गेलेच. मित्राची बायको अजून विषय काढते.

म्हणून मेमटेस्टच्या चार फेऱ्या पूर्ण होऊ दे, आणि दुपारी लाव. रात्री पंख्याखाली पास झालेली सेटिंग सांगलीच्या एप्रिलमध्ये दोन वाजता नापास होते. रॅम तापली की काठावरची टायमिंग, म्हणजे सीएलसारखे ठोक्यांचे आकडे, आधी घसरतात. मशीनवर टॅली किंवा स्टुडिओचं काम असेल तर एक्सएमपी, म्हणजे कंपनीनेच स्टिकमध्ये भरून दिलेली सेटिंग, लावून गप्प बस, नाहीतर डीफॉल्टवरच ठेव.

मिरजेच्या ज्या मित्राचं विचारलंस, त्याच्या इंटेलच्या एच510 बोर्डावर प्रोसेसरच्या ठरलेल्या मर्यादेपुढे रॅम जातच नाही. त्याला महागडी घ्यायला लावू नकोस.

स्टिकवरचं लेबल वाचून सीएल 16 आहे का 22 ते लिही, मग टायमिंगचे आकडे देतो.