दुसरा शनिवार

सातारा

चि. मुली, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात डोळे भरून आले आणि दुसऱ्या वाचनात राग आला. दोन्ही तुला कळावे म्हणून लिहीत आहे. मे 2025 मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षाच्या त्या दिवसांत तुझ्या भावाची रजा रद्द झाली आणि तो पलटणीकडे परत गेला. त्याच आठवड्यात एका जवानाची पत्नी समुपदेशनासाठी तुझ्यासमोर येऊन बसली, ती बोलत असताना तू टेबलाखाली फोनवर बातम्या पाहत होतीस आणि नंतर तिचे एकही वाक्य तुला आठवेना, हे सगळे तू प्रांजळपणे लिहिलेस. शेवटी मात्र लिहिलेस, 'आधी मी सावरते, मग गटात येते.' राग आला तो या वाक्याचा. सावरलेल्या माणसाला गट हवा तरी कशाला?

माझे म्हणणे तू पुष्कळदा ऐकले आहेस, तरी पुन्हा ऐक. आपण समुपदेशकांनी ठरल्या दिवशी एकमेकांच्या केसेस ऐकायला बसायचे. महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार, साडेचार ते सहा. केस तयार असो वा नसो, मन ठिकाणावर असो वा नसो, बसायचे.

हा हट्ट कुठून आला तेही सांगते. 1999 च्या उन्हाळ्यात, कारगिलचे युद्ध चालू असताना, मी या शहरात एकटीच काम करत होते. पहिल्या महायुद्धात ज्या एका गावातले 46 जण कामी आले, ते अपशिंगे मिलिटरी आपल्याच जिल्ह्यातले. इथे युद्धाची बातमी वर्तमानपत्रात राहत नाही, ती स्वयंपाकघरात येऊन बसते. अशाच एका घरातली तरुण मुलगी माझ्याकडे आली. तिला झोप नव्हती, अन्न जात नव्हते, नवरा सीमेवर होता. मी तिचा हात धरला आणि म्हणाले, 'काही होणार नाही, येतील ते सुखरूप.' तो खरोखरच सुखरूप आला. ती मात्र पुन्हा कधी आली नाही. पुढे कितीतरी वर्षांनी, दुसऱ्याच कुणाची केस गटात ऐकत असताना, माझ्या लक्षात आले की तिला भीती त्याच्या न येण्याची नसावी. त्याच्या येण्याची असावी. 'तो आल्यावर काय होईल असे तुला वाटते?' एवढा एक प्रश्न मी विचारला नाही, कारण त्या दिवसांत सगळ्या जिल्ह्याला हवे होते ते उत्तर मलाही हवे होते. चार माणसांच्या गटात ही केस मांडली असती, तर दहा मिनिटांत कुणीतरी विचारले असते, 'धीर नक्की कुणाला हवा होता?'

युद्धाच्या काळात आपल्या कामाची अडचण नेमकी ही असते. एरवी क्लायंटचे दुःख तिचे असते आणि आपण काठावर असतो. युद्धात काठच उरत नाही. युक्रेनमध्ये 24 फेब्रुवारी 2022 नंतर आपल्या पेशातली माणसे याच अवस्थेत काम करत आली आहेत. भोंगा वाजला की थेरपिस्ट आणि क्लायंट दोघांनाही आसरा शोधावा लागतो, वीज गेली की सेशन मध्येच तुटते, आणि समोरच्या बाईचा मुलगा ज्या आघाडीवर आहे तिथेच आपलाही कुणी असू शकतो. तिकडे बरोबरीच्या सहकाऱ्यांनी एकमेकांच्या केसेस ऐकण्याला 'इंटरव्हिजन' म्हणतात. सुपरव्हिजनमध्ये वरून पाहणारा कुणी असतो. इथे सगळे एकाच पातळीवर बसतात. आपल्या साताऱ्यात क्षेपणास्त्रे पडली नाहीत, आपली तुलना त्यांच्याशी होऊ शकत नाही, हे मला कळते. पण टेबलाखालचा तुझा फोन त्याच जातीचा आहे.

आपल्या बैठकीची रीत तुला ठाऊक आहे; तरी ती विसरल्यासारखे तू लिहितेस, म्हणून बोलते. मायकेल बालिंट या मूळच्या हंगेरियन डॉक्टरने 1950 च्या दशकात लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये, पत्नी एनिड यांच्या साथीने, साध्या फॅमिली डॉक्टरांना घेऊन जे गट चालवले, त्यांच्यावरूनच आपण ती घेतली. केस कागदाशिवाय मांडायची, कारण कागदावर आपण स्वतःला नीटनेटके करून ठेवतो. मग वस्तुस्थितीपुरते प्रश्न, आणि त्यानंतर मांडणाऱ्याने खुर्ची मागे ओढून गप्प बसायचे व बाकीचे काय बोलतात ते ऐकायचे. 'तू असे करायला हवे होतेस' हे वाक्य आपल्या खोलीत चालत नाही. मग तुला भीती कशाची वाटते? 'मला तिचे एकही वाक्य आठवत नाही' ही सुद्धा मांडता येण्याजोगी केस आहे. मला विचारशील तर यंदाच्या सगळ्या केसेसमध्ये तीच सर्वांत मोलाची आहे. फक्त त्या बाईचे गाव, नवऱ्याची पलटण, हुद्दा आणि तो कुठे तैनात आहे हे सांगू नकोस. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयता हा तिचा हक्क आहेच, शिवाय साताऱ्यात गाव आणि पलटण एवढे कळले की नाव विचारावे लागत नाही.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा सगळे जण सांगलीच्या निवारा केंद्रांत राबत होते, आणि 'आत्ता बैठकीला वेळ कुणाला?' असे म्हणत आम्ही लागोपाठ चार बैठका रद्द केल्या. मीही मान डोलावली होती. आमची एक सहकारी स्वतःच्या घरातला गाळ उपसून दुपारी पूरग्रस्तांचे ऐकायला बसत होती, आणि विचारले की 'मी ठीक आहे' म्हणत होती. दिवाळीनंतर तिने हे काम कायमचे सोडले. आता ती शिकवण्या घेते. ती सुखात आहे असे म्हणतात. मी विचारायला गेले नाही, धीर झाला नाही. त्यानंतर मी एकही बैठक रद्द होऊ दिलेली नाही.

आता 10 मेचे. तो दुसरा शनिवार होता. निम्म्या लोकांनी पुढे ढकला म्हणून कळवले, आणि मी व्हॉट्सॲपवर दोन शब्द टाकले: 'बैठक होईल.' त्यावरून मला हट्टी म्हटले गेले, एक जण तर गट सोडून गेले. नऊपैकी तिघे आलो. दारातल्या टोपलीत फोन ठेवून बसलो. सहाला फोन परत घेतले, तेव्हा पाच वाजल्यापासून कारवाई थांबवण्याचे ठरल्याची बातमी येऊन पडली होती. मग बसण्याची गरज होती का, असे मला नंतर विचारले गेले. होती. साडेचारला बसताना ती बातमी कुणालाच माहीत नव्हती.

पण एक गोष्ट मान्य करते. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या मनोविश्लेषकांची सभा बॉम्बहल्ल्यातही वाद घालत चालू होती, आणि बाहेर हल्ला चालू आहे याकडे त्यांच्यातल्याच विनिकॉट यांनी उठून लक्ष वेधले, तरी वाद थांबला नाही असे सांगतात. नुसते बसणे असेही असू शकते. म्हणून त्या दिवशी पहिली पंधरा मिनिटे आम्ही केस घेतली नाही; कुणाच्या घरचे कोण कुठे आहे एवढेच बोललो. तुझ्या भावाचे नाव तेव्हा मीच घेतले. तुला मात्र फोन केला नाही. 'बैठक होईल' हे टाकण्याआधी तुला फोन करायला हवा होता. ती चूक माझी, आणि तुझ्या न येण्यात तिचाही वाटा असेल.

तरीही येत्या चौथ्या शनिवारी पहिली केस तुझी धरली आहे. कागद आणू नकोस. कराडची मंडळी एसटीने येतात, त्यांना पोवई नाक्यावरून घेऊन ये म्हणजे तुला उशीर करता येणार नाही. भाऊ पुन्हा रजेवर यायचा आहे असे लिहिलेस. तो नेमका त्याच दिवशी आला, तर त्यालाही घेऊन ये. खाली ओसरीवर बसेल, चहा देऊ. तू वर ये.