काकांचा सॅक्सोफोन दुरुस्त करावा का?

ताई,
माझ्या काकांना मूलबाळ नव्हतं. जाण्यापूर्वी त्यांनी त्यांचा जुना ऑल्टो (मध्यम आकाराचा) सॅक्सोफोन माझ्याकडे सोपवला. मला वाजवता येत नाही. पेटीला कुबट वास येतो, सोनेरी लॅकर (पितळेवरचा चकचकीत लेप) जागोजागी उडालंय, दोन-तीन कळा अडकतात. भाऊ म्हणतो, पॉलिश करून नवाकोरा करू आणि शोकेसमध्ये ठेवू. कारागीर म्हणतो, पूर्ण कामाचा खर्च वाद्याच्या किमतीएवढा होईल. माझी 12 वर्षांची मुलगी म्हणते, मी शिकते. मला मात्र वाटतं, हात लावला तर काकांचं त्यात काही उरणारच नाही.
– गोंधळलेली पुतणी

प्रिय पुतणी,
तुमची भीती खरी आहे, फक्त ती चुकीच्या कामाबद्दल आहे. कळांखालची पॅड म्हणजे नमद्यावर चढवलेलं चामडं. ते वाळतं, कडक होतं, फाटतं. काका वर्षानुवर्षं वाजवत असतील तर त्यांनी स्वतःच ही पॅड कधी ना कधी बदलून घेतली असणार. कॉर्क आणि स्प्रिंगांचंही तेच. ते बदलल्याने काकांचं काहीही जात नाही.

जातं ते भाऊ सुचवतोय त्या पॉलिशने. वाद्य उलटं करून मागची बाजू बघा. उजव्या अंगठ्याच्या हुकाजवळ आणि डावा तळवा टेकतो तिथे लॅकर विरून उघडं पितळ दिसत असेल. ती झीज काकांच्या हातांची आहे. नवाकोरा करायचा म्हणजे नवं लॅकर चढवायचं; त्याआधी यंत्रावर घासून जुनं काढतात, त्यात ही खूण जाते, बेलवरचं (पुढच्या रुंद तोंडावरचं) कोरीवकाम बोथट होतं, पत्राही थोडा पातळ होतो. जुन्या वाद्यांच्या जाणकारांकडे अशा चकचकीत वाद्याची किंमत उलट घटते. म्हणून नवं लॅकर नाही म्हणजे नाही. भावाला हे कारण प्रेमाने सांगा; त्यालाही काकांचा मानच राखायचा आहे.

आता खर्च. पैसे ठरवण्याआधी वाद्य नक्की कोणतं आहे ते बघा. अंगठ्याच्या हुकाच्या आसपास सिरियल नंबर असतो, त्यावरून बऱ्याच कंपन्यांच्या वाद्याचं अंदाजे साल काढता येतं. तिथेच ‘हाय पिच’ किंवा ‘एचपी’ असं कोरलंय का बघा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची काही वाद्यं आजच्या प्रमाण 440 ऐवजी सुमारे 457 हर्ट्झच्या, म्हणजे जरा उंच स्वराला जुळवलेली असत. आजच्या वाद्यांबरोबर ती सुरात येत नाहीत, कितीही दुरुस्त केली तरी. ‘सी मेलडी’ नावाचा प्रकारही 1920 च्या दशकात फार खपला. तो ऑल्टोपेक्षा थोडा मोठा असतो आणि घरात अनेकदा ऑल्टो म्हणूनच ओळखला जातो. शिकणाऱ्या मुलीला तो अडचणीचा, कारण आजच्या बँडमध्ये त्याच्यासाठी लिहिलेले भाग सहसा नसतात. या दोन्हींपैकी काही निघालं तर पूर्ण दुरुस्ती करू नका. पुसा, हवा द्या, जपून ठेवा.

साधा ऑल्टो निघाला तर कारागिराला तुमच्यासमोर नळीत दिवा सोडायला सांगा. खोलीत अंधार करायचा आणि एकेक कळ दाबायची. बंद पॅडच्या कडेने उजेड झिरपला की तिथून हवा गळते. किती ठिकाणी गळतंय हे स्वतः पाहिलंत की अंदाजपत्रकातला कोणता आकडा कशाचा, हे तुम्हाला कळेल. किमतीएवढा खर्च हे विकणाऱ्याचं गणित झालं. तुम्हाला विकायचा नसेल, तर खरा प्रश्न एकच: तो वाजणार आहे का?

मुलीला लगेच हाच सॅक्सोफोन देऊ नका. गळक्या वाद्यावर खालचे स्वर निघत नाहीत आणि मुलांना वाटतं, आपल्यालाच जमत नाही. सहा-आठ महिने भाड्याचं किंवा कुणाचं तरी धड वाद्य आणा. तिची गोडी टिकली तर पॅड, कॉर्क, स्प्रिंग, सगळं मोकळ्या मनाने करा. तोवर वाद्य त्या कुबट पेटीतून बाहेर काढा. ओल पोलादी स्प्रिंगांना गंज चढवते.

आणि एक विनंती. उद्या तिने शिकणं सोडलं तर “काकाआजोबांचं वाद्य आहे, तुला त्याची कदर नाही” असं म्हणू नका. काकांनी ते तुमच्यावर विश्वासाने सोपवलंय, ती जबाबदारी तिची नाही.

तुमची,
ताई