मायनरला रशियन घेऊ का? घे, पण आधी एक चौकशी कर

गुहागरहून मुंबईला शिकायला आलीयेस, मायनरला, म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीचा दुय्यम विषय म्हणून, रशियन घ्यायचं मनात आहे आणि घरचे विचारतायत, 'त्याचा उपयोग काय?' असं लिहिलंयस. तुला 'अगंतुगं' करते, चालेल ना? मी दापोलीची. मुंबईत शिकताना रशियन केलं, आता अधूनमधून भाषांतराची कामं घेते.

उपयोगाचं आधी उरकते. नुसत्या मायनरवर नोकरी मिळत नाही. रशियनची टोर्फल नावाची परीक्षा असते, ए१ ही सगळ्यात सोपी पातळी, तिथपासून सी२ या सगळ्यात वरच्या पातळीपर्यंत. तिकडे जाऊन रशियन माध्यमातून पदवी करायची तर साधारण बी१ लागते. मायनरच्या तासांवर ए२ गाठलीस तरी खूप झालं, पुढचं आपलं आपण.

भाषा अवघड म्हणून घाबरवणारे भेटतील. ते बहुतेक इंग्रजीच्या वाटेने शिकलेले असतात. सहा विभक्त्या म्हटल्यावर आमच्या वर्गात निम्म्यांनी कपाळाला हात लावला होता. अगं, आपण 'दूध'चं 'दुधात', 'दुधाने', 'दुधाशिवाय' करताना कधी अडतो का? त्यांचं दूध म्हणजे 'मलाको'. दूध घातलेला चहा 'चाय स मलाकोम', बिनदुधाचा 'चाय ब्येझ मलाका'. (लिहिताना मात्र 'मोलोको'. आघात नसलेल्या 'ओ'चा 'आ' होतो, सुरुवातीला यात सगळेच फसतात.) लिंगं आपल्यासारखी तीन. 'चमचा'तल्या च ला त्यांच्याकडे स्वतंत्र अक्षर आहे. माझ्या हिंदीभाषक मैत्रिणीला तो महिनाभर जमला नव्हता. आणि नावात वडिलांचं नाव आपल्यासारखंच मध्ये: पुश्किन म्हणजे अलेक्सान्द्र सेर्गेयेविच, सेर्गेईचा मुलगा.

जड जातात ती जाण्यायेण्याची क्रियापदं. पहिल्या वर्षी शिमग्याला घरी निघाले होते. बाईंना ऐटीत सांगितलं, 'या इदू व दापोली.' बाई म्हणाल्या, 'दोनशेच्या वर किलोमीटर चालत? मग परत कधी, गणपतीनंतर?' 'इदू' म्हणजे पायी जाते. एसटीने जायचं तर 'येदू'. त्यातही आत्ता एकीकडे निघालेय ते वेगळं आणि रोज जाते-येते ते वेगळं. तक्ते घोकून हे बसलं नाही. हॉस्टेल ते कॉलेज रोजची वाट मनातल्या मनात रशियनमध्ये बोलत गेले, तेव्हा कुठे जिभेवर आलं.

संस्कृतीच्या पेपरला सगळे टॉलस्टॉय धरतात. तू अफनासी निकितिन घे. त्व्येर गावचा हा व्यापारी एक घोडा घेऊन १४७० च्या आसपास चौलला उतरला. जुन्नरच्या खानाने घोडाच काढून घेतला, तो कसाबसा परत मिळवून गडी बीदरला गेला. इथल्या बायकांचं डोकं उघडं आणि केसांची एकच वेणी, हेसुद्धा त्याने टिपून ठेवलंय. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. परतीचं जहाज त्याने धरलं दाभोळहून, म्हणजे धोपाव्याला फेरीबोटीत बसलीस की तुझ्यासाठी पलीकडचा काठ! बिचारा घरी पोचलाच नाही, स्मोलेन्स्कजवळ वारला.

आता ती चौकशी. फॉर्म भरण्याआधी कॉलेजात स्पष्ट विचार, सगळ्या सेमिस्टरना शिकवायला माणूस आहे का? आमच्या वेळी एक अख्खं सत्र शिक्षक नव्हते आणि क्रियापदं अर्ध्यावर सुटली, ती मी नंतर पैसे भरून शिकले. शिक्षक आहेत म्हणाले तर सीनियर मुलींना गाठून खात्री कर, मगच सही कर.