वजनात बसायचं म्हणून

खेळणाऱ्या मुलींचे आई-वडील माझ्याकडे येतात ते बहुतेक एकच प्रश्न घेऊन. पोरगी नीट जेवत नाही, किंवा जेवते आणि ओकून टाकते. हे खेळामुळे झालं का, आणि खेळ बंद केला तर थांबेल का? लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या घरून हा प्रश्न येतो, जिम्नॅस्टिक्सवाल्यांच्या घरून येतो. आमच्या कोल्हापूर-सांगली भागात तो कुस्तीच्या घरून येतो, म्हणून उत्तरही कुस्तीतल्याच एका मुलीच्या निमित्ताने देते. नाव-गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला आपण राणी म्हणू.

राणी सोळा वर्षांची, अकरावीत. वडील एकेकाळचे मातीतले पैलवान, आता शेती आणि दुधाचा धंदा. सतरा वर्षांखालच्या मुलींत ती ४९ किलोत खेळायची. या गटात पायऱ्या ४६, ४९, ५३, ५७ अशा चढत जातात. राणीचं अंगचं वजन ५३च्या आसपास, त्यात वाढीचं वय. म्हणजे प्रत्येक स्पर्धेआधी चार किलो काढायचे. ते कसे काढायचे हे मुलींना कुणी शिकवावं लागत नाही, एकीचं बघून दुसरी करते. रेनकोटवर स्वेटर चढवून पळायचं, आदल्या दिवशी पाणी बंद, च्युइंगम चघळत बाटलीत थुंकत बसायचं. वजन झालं की बाहेर येऊन मिळेल ते खायचं.

आईला संशय आला तो मोरीतल्या नळामुळे. जेवण झालं की राणी मोरीत जायची आणि नळ मोठा सोडायची. शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा दोन दिवसांत तळाला जायचा आणि वजन मात्र वाढायचं नाही. उजव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर, मुठीच्या हाडांवर, चट्टे पडले होते. घशात बोटं घालताना दात घासून असे चट्टे पडतात. एरवी डॉक्टरांच्या नजरेत ते पटकन भरतात, पण कुस्तीतल्या मुलीच्या बोटांना सालपटं निघालेली असायचीच आणि वर टेप गुंडाळलेली असायचीच. कुणी विचारलंच नाही. गाल सुजल्यासारखे दिसायला लागले तेव्हा नातेवाईक म्हणाले, ‘खुराक लागला पोरीला!’ प्रत्यक्षात वारंवार ओकण्याने लाळेच्या ग्रंथी सुजल्या होत्या.

खुराकाची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण बाप-लेकीचं सगळं दुखणं तिथे अडकलं होतं. वडील रोज संध्याकाळी स्वतः थंडाई घोटायचे. बदाम, खसखस, खारीक, घरचं म्हशीचं दूध. त्यांच्या काळात जत्रेच्या मैदानात जोड नजरेने लावायचे. काटा कुणी बघत नव्हतं, आणि अंगात असलेला प्रत्येक किलो कामाचाच होता. त्यांच्या लेखी पैलवान म्हणजे भरपूर खाणारा माणूस. लेक मॅटवर गेली आणि हिशेब उलटा झाला, हे त्यांना ऐकून माहीत होतं पण पटलेलं नव्हतं. राणी तो पेला त्यांच्यासमोर संपवायची. ‘पप्पांना वाईट वाटू नये म्हणून पिते,’ ती मला म्हणाली, ‘आणि काट्याला वाईट वाटू नये म्हणून काढते.’ हे सांगताना ती हसली होती.

पहिल्या भेटीत तिने एक वही दाखवली. दोनशे पानी, वर सरस्वतीचं चित्र. आत तारखेखाली चार-चार आकडे: उठल्यावर, सरावाआधी, सरावानंतर, झोपताना. ४९च्या खालचा आकडा निळ्या पेनने, वरचा लाल. पानंच्या पानं लाल होती. ज्या दिवशी आकडा लाल त्या दिवशी दुपारचा डबा मैत्रिणीला. मग रात्री अकराला सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात उभ्या-उभ्या हाताला लागेल ते, गार भात, लाडू, साखर घातलेली साय. मग मोरी. तिला स्वतःची किळस यायची. ‘माझ्यात कंट्रोलच नाही,’ हे वाक्य ती सारखं म्हणायची.

तिला मी एका प्रयोगाविषयी सांगितलं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये छत्तीस धडधाकट, मनाने स्थिर तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांचं सुमारे पाव वजन उतरलं. त्यातले कित्येक जण दिवसभर खाण्याचाच विचार करायला लागले, पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, आणि पुन्हा पोटभर मिळायला लागल्यावर काहींना खाणं थांबवताच येईना. त्यांना ना वजनगट होता, ना बारीक दिसायची हौस. उपाशी शरीर हेच करतं. राणीच्या मोबाईलवर रात्री झोपताना पाहिलेले केक आणि मिसळीचे व्हिडिओ होते. ऐकून ती बराच वेळ गप्प बसली आणि मग विचारलं, ‘म्हणजे मी हावरट नाही?’ माझ्या मते इलाज तिथे सुरू झाला.

पण दोष सगळा वजनकाट्यावर टाकता येणार नाही. चुलत बहिणीच्या लग्नात ब्लाउज घालून उभी असताना मावशीने दंड दाबून पाहिला होता आणि म्हणाली होती, ‘नवऱ्याला उचलून आपटशील गं!’ सगळे हसले. मॅटवर जे खांदे हवेत तेच साडीत नकोत, अशी ही कोंडी. खेळणाऱ्या मुलींना दोन आरशांत मावायचं असतं आणि दोन्हीकडे त्या जास्तच भरतात. मी कुठल्याही खेळाडू मुलीला विचारते की सरावाच्या कपड्यात कशी वाटतेस आणि लग्नाला जाताना कशी वाटतेस. दोन उत्तरं वेगळी आली की कुठे बोलायचं ते कळतं. राणीचं पहिलं उत्तर ‘भारी’ असं होतं.

आणि मग विनेश फोगट. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकला ५० किलोच्या फायनलच्या दिवशी वजन शंभर ग्रॅम जास्त भरलं आणि ती अपात्र ठरली. आदल्या रात्रभर घाम काढला होता, केससुद्धा कापले होते. पूर्वी ती ५३ किलोत खेळायची. त्यानंतर माझ्याकडे आलेल्या कुस्तीतल्या बहुतेक मुलींच्या तोंडी हे उदाहरण असतं. मला त्यात शरीर कुठवर ताणता येतं त्याची हद्द दिसते. राणीने काढलेला अर्थ असा होता की ताईने अजून थोडं आधी सुरू करायला हवं होतं.

आता उपचार. पहिलं काम समुपदेशकाचं नव्हतंच. मी त्यांना त्याच दिवशी फिजिशियनकडे धाडलं. वारंवार ओकणाऱ्या माणसाच्या रक्तातलं पोटॅशियम उतरतं, आणि ते फार उतरलं तर हृदयाची लय बिघडते. वरून बघणाऱ्याला काही दिसत नाही, वजनही नेहमीसारखंच असू शकतं. राणीचं पोटॅशियम कमी निघालं, पाळी चार महिने आलेली नव्हती. पाळीबद्दल आई म्हणाली, ‘सराव जास्त असला की जाते म्हणे.’ हे वाक्य मला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येतं. सराव आणि जगणं या दोन्हींना पुरेल इतकं अन्न पोटात जात नसलं की शरीर पाळीचं काम बंद ठेवतं, आणि हाडं भरायच्या वयात हाडंही कच्ची राहतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’ हे नाव दिलं. पुरुषांनाही ती होते, फक्त त्यांच्यात पाळीसारखी खूण नसते.

सराव थांबवला. पोटॅशियम आणि ईसीजी ठीक होईपर्यंत मॅटवर पाय नाही, असं डॉक्टरांनीच सांगितलं, त्यामुळे भांडण आमच्याशी झालं नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी तपासलं, आहारतज्ज्ञ आल्या. खाण्याचा नियम मात्र अगदी साधा होता: दर तीन-चार तासांनी खायचं, भूक असो-नसो, रात्री कितीही खाल्लेलं असो. आदल्या रात्रीची भरपाई म्हणून सकाळचा नाश्ता टाळला की पुढच्या रात्रीचं खाणं ठरलेलंच असतं. जेवणानंतर तासभर आई आणि राणी अंगणात बसायच्या. काटा घरातून गेला. वही तिने माझ्याकडे ठेवली, फाडायला तयार नव्हती.

वडिलांशी बोलणं सगळ्यात अवघड गेलं. त्यांना दोनच वाटा दिसत होत्या. ‘एकतर खेळ कायमचा बंद, नाहीतर पोरीने जिद्दीने आवरावं.’ कायमचा बंद का नको, हे मी त्यांना सांगितलं. खेळ गेला तर तालीम जाते, मैत्रिणी जातात, स्वतःच्या शरीराचा ज्याच्यामुळे अभिमान वाटतो ते एकमेव काम जातं, आणि आजार घरीच राहतो. ज्यांची कुस्ती या आजारात सुटली त्यांचं ओकणं बरेचदा सुटलेलं नसतं. तात्पुरता बंद मात्र ठेवावाच लागतो: चक्कर येत असेल, छातीत धडधडत असेल, रोज ओकणं किंवा जुलाबाच्या गोळ्या चालू असतील, हाडाला चीर गेली असेल. अशा वेळी स्पर्धा कितीही जवळ असो, वाटाघाट नाही.

मग कोच सरांना बोलावलं. माणूस वाईट नव्हता. ‘४९ला तिचा नंबर पक्का आहे, ५३ला मुली थोराड आहेत,’ हा त्यांचा हिशेब कागदावर बरोबरच होता. त्यांना मी विचारलं की काटा पार केल्यावर दुसऱ्या फेरीत राणी ढिली का पडते. ते त्यांनी पाहिलेलं होतं, दम कमी म्हणून जास्त पळायला लावलं होतं. राणीने यापुढे ५३ मध्येच खेळायचं, ओकणं परत सुरू झालं तर सराव आपोआप थांबेल, वजन फक्त डॉक्टर बघतील, असं आम्ही लिहून काढलं आणि चौघांनी सह्या केल्या. जिल्ह्याच्या निवडीआधी ती पुन्हा दोन-तीनदा ओकली. तिने ते स्वतः सांगितलं, ठरल्याप्रमाणे सराव थांबला, निवड हुकली. घरात दोन दिवस रडारड. पुढच्या स्पर्धेत ती ५३ मध्ये उतरली आणि पहिलीच कुस्ती हरली. पाळी तोवर परत आली होती. वडिलांना कोणती गोष्ट मोठी वाटली ते मी विचारलं नाही. थंडाईचा पेला आता ते अर्धा भरतात, उरलेली राणी मागून घेते किंवा घेत नाही.

त्यांनीच नंतर एकदा फोन करून विचारलं, ‘मॅडम, तालमीतली पोरंही हेच करतात, त्यांचं काय?’ प्रश्न रास्त होता. नॉर्वेतल्या अव्वल खेळाडूंचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खाण्याचे विकार महिला खेळाडूंत सुमारे २० टक्के आणि पुरुषांत ८ टक्के आढळले. न खेळणाऱ्या पुरुषांत प्रमाण अर्धा टक्का होतं. नोव्हेंबर-डिसेंबर १९९७ मध्ये अमेरिकेत तीन कॉलेज कुस्तीगीर वजन काढता काढता मेले. त्यानंतर तिथे घाम काढायचे रबरी सूट आणि सॉना, म्हणजे घाम काढायची गरम खोली, यांवर बंदी आली आणि प्रत्येकाचं कमीत कमी वजन हंगामाच्या सुरुवातीलाच, शरीरात पुरेसं पाणी असताना, ठरवायला लागले. एकट्या वस्तादाने असं ठरवलं तर शेजारची तालीम वजन काढून पुढे जाणार, हे सरांचं गाऱ्हाणं खोटं नाही. त्याला नियमच लागेल.

तरी सरांनी मुलांना एकत्र बसवलं. मागच्या रांगेतून एकाने विचारलं, जुलाबाच्या गोळीने चरबी जाते ना? नाही, मी म्हटलं. अन्नाचा कस वर लहान आतड्यातच शोषून घेतलेला असतो, गोळीने जातं ते पाणी आणि क्षार, आणि क्षार गेले की पायात गोळे येतात. पुढे बसलेल्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, फुकट नंबर मी फळ्यावर लिहिला आणि म्हटलं, इथे विचारायचं नसेल तर तिथे विचारा, नाव सांगावं लागत नाही.