वाचकांचे प्रश्न : लॅटिन धातूंवरून इंग्रजी शब्द शिकावेत का?

प्रश्न : इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायचा असेल तर लॅटिन धातूंची यादी पाठ करावी, असा सल्ला मिळाल्यावरून मी ती पाठ केली. परंतु वाचताना अनोळखी शब्द आला की त्यातला धातू ओळखता येतो आणि तरीही अर्थ लागत नाही. ही पद्धतच चुकीची आहे का?

उत्तर : पद्धत चुकीची नाही, पण तिच्याकडून ठेवलेली अपेक्षा चुकीची आहे. धातू कळला की शब्दाचा अर्थ आपोआप उलगडतो, असे या याद्या सुचवतात आणि विद्यार्थ्याची निराशा तिथूनच सुरू होते. संस्कृतचा थोडा परिचय असणाऱ्याला याचे कारण लगेच पटेल. ‘हृ’ या एकाच धातूपासून आहार, विहार, प्रहार आणि संहार हे शब्द झाले. पण धातूचा अर्थ ‘नेणे, हरण करणे’ एवढेच ठाऊक असलेल्या माणसाला त्यावरून ‘आहार’ म्हणजे अन्न हे ताडता येणार नाही. उपसर्ग धातूचा अर्थ बळाने दुसरीकडे ओढून नेतो, असे संस्कृत वैयाकरण सांगत आले आहेत आणि लॅटिनलाही ते तंतोतंत लागू पडते.

‘स्पेक्ट’ म्हणजे पाहणे, हा तुमच्या यादीत नक्कीच असेल. ‘इन्स्पेक्ट’ म्हणजे आत डोकावून पाहणे, म्हणून तपासणी करणे. इथपर्यंत सरळ आहे. ‘रिस्पेक्ट’मध्ये मात्र मागे वळून पाहणे आहे आणि त्यातून दखल घेणे, मान देणे असा अर्थ आला. ‘सस्पेक्ट’मधला उपसर्ग ‘सब’, म्हणजे खालून. खालून पाहणे यावरून संशय घेणे हा अर्थ कोणीही आधी ओळखू शकणार नाही. परंतु तो अर्थ शब्दकोशात एकदा पाहिल्यानंतर, मान खाली घालून भुवयांखालून कोणाकडे तरी रोखून पाहणारा माणूस डोळ्यांसमोर आणला, तर शब्द सहसा विसरला जात नाही. धातूचे खरे काम हेच आहे. आधी शब्द वाचनात भेटावा, मग कोशातून अर्थ समजून घ्यावा आणि त्यानंतर धातूकडे वळावे. हा क्रम उलटा झाला की यादी पाठ असूनही हाती काही लागत नाही.

वहीची रचनाही याच क्रमाने करावी. समजा, वाचताना ‘ट्रान्समिट’ हा शब्द आला. एक पान ‘मिट’ या धातूला द्यावे, त्याचा अर्थ ‘पाठवणे’ असा लिहावा आणि त्याखाली, ज्या वाक्यात शब्द भेटला ते वाक्य उतरवून, ‘पलीकडे पाठवणे, प्रक्षेपित करणे’ अशी नोंद करावी. पुढे कधीतरी ‘एमिट’ किंवा ‘डिसमिस’ भेटेल, तेव्हा तोही त्याच पानावर जाईल. ‘मिट’ आणि ‘मिस’ हे एकाच पानावर कसे, असा प्रश्न इथे पडेल आणि त्याचे उत्तर बहुतेक याद्या देत नाहीत. लॅटिन क्रियापदाचे मूळ रूप आणि त्याचे भूतकालवाचक धातुसाधित यांत बऱ्याचदा फरक असतो आणि इंग्रजीने दोन्ही रूपांवरून शब्द घेतले. म्हणूनच ‘अ‍ॅडमिट’चे नाम ‘अ‍ॅडमिशन’ होते, ‘डिस्क्राइब’चे ‘डिस्क्रिप्शन’, ‘प्रोव्हाइड’चे ‘प्रोव्हिजन’ आणि ‘कन्व्हर्ट’चे ‘कन्व्हर्जन’. यादीत ही रूपे वेगवेगळे धातू म्हणून छापली असतील, तर तुम्ही एकच गोष्ट दोनदा पाठ केली आहे.

प्रश्न : पुष्कळ शब्दांत उपसर्गच ओळखू येत नाही. ‘अ‍ॅट्रॅक्ट’मध्ये ‘अ‍ॅड’ आहे असे म्हणतात, पण तो दिसत कुठेच नाही. तो शोधायचा कसा?

उत्तर : सत् आणि जन यांचा सज्जन होतो, उत् आणि लास यांचा उल्लास होतो, ही व्यंजनसंधी ज्याला येते, त्याला लॅटिन उपसर्गांची अर्धी वाट माहीत आहे. ‘अ‍ॅड’ म्हणजे ‘कडे’ आणि ‘ट्रॅक्ट’ म्हणजे ओढणे. त्यातला ‘डी’ पुढच्या ‘टी’मध्ये मिसळतो, म्हणून स्पेलिंगमध्ये दोन ‘टी’ येतात. ‘अ‍ॅलोकेट’मधले दोन ‘एल’ आणि ‘अ‍ॅसिमिलेट’मधले दोन ‘एस’ असेच आले आहेत. तेव्हा ‘ए’नंतर जोडव्यंजन दिसले, तर आधी ‘अ‍ॅड’चा संशय घ्यावा. नकारार्थी ‘इन’ याच नियमाने ‘इम्पॉसिबल’, ‘इल्लीगल’ आणि ‘इर्रेग्युलर’मध्ये रूप बदलतो.

या ‘इन’पासून मात्र जपावे, कारण लॅटिनमध्ये ‘इन’ दोन आहेत : एक ‘नाही’ सांगणारा आणि दुसरा ‘आत’ सांगणारा. ‘इन्फ्लेमेबल’चा अर्थ ‘सहज पेट घेणारे’ असा आहे. त्यातला ‘इन’ नकारार्थी समजून कोणी तो पदार्थ न पेटणारा मानला, तर जिवावर बेतेल, म्हणूनच धोक्याच्या सूचनांमध्ये आता ‘फ्लेमेबल’ लिहिणे अधिक योग्य मानले जाते. दिसायला सारखे धातूही फसवतात. ‘पेडेस्ट्रियन’मधला ‘पेड’ म्हणजे लॅटिन पाऊल, पण ‘पेडॅगॉजी’मधला ‘पेड’ ग्रीक असून त्याचा अर्थ मूल असा आहे. ‘मेडिटेरेनियन’मध्ये ‘टेरा’ म्हणजे भूमी आहे आणि आपला ‘भूमध्य’ शब्दही तेच सांगतो. ‘टेरिबल’चा मात्र भूमीशी संबंध नाही, तो घाबरवणे या अर्थाच्या निराळ्या क्रियापदावरून आला आहे. अशा जोड्या कोशातील व्युत्पत्ती पाहिल्याशिवाय सुटत नाहीत.

प्रश्न : केवळ लॅटिन धातूंवर इंग्रजी येईल का?

उत्तर : येणार नाही. ‘गेट’, ‘टेक’, ‘पुट’, ‘कम’ हे रोजचे शब्द जर्मॅनिक वंशाचे आहेत आणि ‘गिव्ह अप’ किंवा ‘पुट ऑफ’ यांचा अर्थ लावताना लॅटिन कामाला येत नाही. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर लॅटिनपासून झालेल्या फ्रेंचचे शब्द इंग्रजीत आले आणि पुढे विद्वानांनी थेट लॅटिनमधूनही शब्द उचलले. त्यामुळे राजाला शोभणारे या अर्थी ‘किंगली’, ‘रॉयल’ आणि ‘रीगल’ असे तीन थरांतले तीन शब्द आज शेजारी नांदतात. लॅटिन थर प्रामुख्याने कायदा, विज्ञान, वैद्यक आणि वैचारिक लेखन यांत दाट आहे. तुमचे वाचन त्या प्रकारचे असेल, तर ‘मिट’, ‘स्पेक्ट’, ‘पोर्ट’, ‘स्क्राइब’ आणि ‘व्हर्ट’ या पाच पानांपासून वही सुरू करा, आणि बोलण्याचा सराव करायचा असेल, तर वही बाजूला ठेवून आधी संभाषणे ऐका.