एकाच बॉक्सरला दोघांनी हरवलं, तर त्या दोघांत भारी कोण हे त्यावरून ठरतं का?

मॅनी पॅकियाओ आणि फ्लॉइड मेवेदर या दोन बॉक्सरांबद्दल तुमचा हिशेब असा आहे: पॅकियाओने रिकी हॅटनला दोन फेऱ्यांत झोपवला, त्यालाच हरवायला मेवेदरला दहा फेऱ्या लागल्या. डे ला होयाला पॅकियाओने असा फोडला की आठव्या फेरीनंतर तो स्टुलावरून उठलाच नाही, आणि मेवेदर त्याच माणसाशी कसाबसा जिंकला. मग २०१५ मध्ये दोघं समोरासमोर आले तेव्हा पॅकियाओ हरला कसा?

हा हिशेब आमच्या भुसावळकडेही टपरीवर चालतो, फक्त बॉक्सरऐवजी पहिलवान असतात. अमळनेरच्या गड्याने ज्याला चीत केला, त्याच्याशी चाळीसगावच्याची कुस्ती बरोबरीत सुटली, म्हणून अमळनेरचा भारी. तो मधला पहिलवान दोन्ही यात्रांना सारख्याच तयारीने उतरला होता का, हे कोणी विचारत नाही भो.

बॉक्सिंगमध्ये या मधल्या माणसाकडेच आधी बघावं लागतं. जुना हेवीवेट जगज्जेता लॅरी होम्स घ्या. जानेवारी १९८८ मध्ये टायसनने त्याला चौथ्या फेरीत पाडलं. जून १९९२ मध्ये होलिफिल्डला त्याच्याशी पूर्ण बारा फेऱ्या खेळाव्या लागल्या, तो जिंकला तो गुणांवर. तुमच्या गणिताने टायसन कितीतरी पुढे. शिवाय १९८८ चा होम्स अडतिसाचा होता आणि १९९२ चा बेचाळिसाचा, म्हणजे होलिफिल्डला तर म्हातारा होम्स मिळाला! पण टायसनसमोर आला तो होम्स जवळपास दोन वर्षं रिंगणात उतरलाच नव्हता. होलिफिल्डसमोरचा होम्स मात्र सरावातला होता, आणि काही महिने आधीच त्याने रे मर्सरला हरवलं होतं. वयाने मोठा असलेला होम्सच जास्त अवघड होता. नोव्हेंबर १९९६ मध्ये टायसन आणि होलिफिल्ड भिडले तेव्हा अकराव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली, ती टायसनला वाचवायला.

डे ला होयाचंही तसंच. मे २००७ मध्ये तो मेवेदरशी १५४ पौंडांच्या, म्हणजे सुमारे सत्तर किलोच्या गटात लढला. तो त्याच्या सोयीचा गट होता आणि तीनपैकी एका पंचाने त्यालाच विजयी धरलं होतं. डिसेंबर २००८ मध्ये पॅकियाओसाठी तो १४७ च्या गटात उतरला. त्या गटात तो सात वर्षं लढला नव्हता, आणि वजनकाट्यावर तर १४५ च भरला. त्याच्या अंगात जीवच राहिला नव्हता हे लढत बघताना पहिल्या दोन फेऱ्यांत कळतं. यात एक गंमतही आहे. मेवेदरविरुद्ध डे ला होयाची तयारी करून घेणारा प्रशिक्षक होता फ्रेडी रोच, आणि २००८ मध्ये तोच रोच पॅकियाओच्या कोपऱ्यात उभा होता. माणूस आतून किती रिकामा झालाय हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार?

हॅटनच्या बाबतीत मात्र मी पॅकियाओला जास्त मार्क देतो. मेवेदरने त्याला १४७ मध्ये, म्हणजे हॅटनच्या नेहमीच्या गटाच्या वर ओढून हरवलं. पॅकियाओने त्याला त्याच्याच घरच्या १४० मध्ये गाठलं. अर्थात तोवर हॅटनची अपराजित ही पाटी मेवेदरने पुसलेली होती, आणि एकदा पडलेला बॉक्सर पुन्हा पूर्वीसारखा राहीलच असं नाही. कॉटो आणि मोझली हेही दोघांचे सामाईक प्रतिस्पर्धी. त्यांच्यावरून फार काही निघत नाही.

मग अशी तुलना फुकटच का? नाही. निकालाऐवजी लढतीची तऱ्हा बघितली तर तिच्यातून बरंच कळतं. जॉर्ज फोरमनने १९७३ मध्ये जो फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं आणि १९७४ मध्ये केन नॉर्टनलाही दुसऱ्या फेरीत संपवलं. याच दोघांनी आधी अलीला हरवलं होतं, नॉर्टनने तर त्याचा जबडा मोडला होता. त्यामुळे त्याच वर्षी आफ्रिकेत किन्शासाला फोरमनसमोर अलीचं काही खरं नाही असं जवळपास सगळ्यांनी धरलं. पण फ्रेझर आणि नॉर्टन दोघंही सतत पुढे चालून येणारे, म्हणजे फोरमनच्या ठोशाखाली स्वतःहून चालत जाणारे. अली दोरांना रेलून मागे झुकला, फोरमनला दमू दिलं आणि आठव्या फेरीत पाडलं.

तसंच बघितलं तर मेवेदर–पॅकियाओचं उत्तर हुआन मॅन्युएल मार्केझपाशी होतं. मार्केझ थांबून, समोरच्याचा ठोसा चुकवून लगेच उलट मारणारा. सप्टेंबर २००९ मध्ये मेवेदरने त्याला बारा फेऱ्या जवळपास हात लावू दिला नाही. तो मार्केझ दोन वजनी गट वर आलेला होता आणि मेवेदर ठरलेल्या वजनापेक्षा दोन पौंड जास्त भरून दंड देऊन उतरला होता, म्हणून त्या एकतर्फी निकालाला मी फार भाव देत नाही. भाव द्यायचा तो पॅकियाओच्या बाजूला. २००४ मध्ये पहिल्याच फेरीत त्याने मार्केझला तीनदा पाडलं, तरी लढत बरोबरीत सुटली. २००८ आणि २०११ मध्ये तो जिंकला, पण इतक्या थोडक्यात की वाद अजून मिटलेला नाही. चौथ्यांदा, डिसेंबर २०१२ मध्ये, सहावी फेरी संपायला एक सेकंद उरला असताना तो पुढे झेपावला आणि मार्केझच्या उजव्या ठोशावर सरळ तोंडावर पडला.

एवढ्या फेऱ्या खेळूनही ज्याला उलट मारणाऱ्याचं कोडं सुटलं नाही, त्याची गाठ त्या कलेतल्या सगळ्यात तयार माणसाशी पडणार होती. मे २०१५ मध्ये एका पंचाने ११८–११०, दोघांनी ११६–११२ असे गुण मेवेदरला दिले. आपल्याकडे तेव्हा रविवारची सकाळ होती, बाहेर ऊन तापायला लागलेलं, आणि माझ्या शेजारी बसलेले अर्धे लोक कंटाळून उठून गेले. पॅकियाओचा खांदा दुखावलेला होता हे खरं, नंतर त्यावर शस्त्रक्रियाही झाली. तरी तो आत शिरायच्या क्षणी येणारा उजवा हात मार्केझच्याच जातीचा होता, फक्त मेवेदर मारून तिथे थांबत नव्हता. वेळ असेल तर २०११ ची मार्केझची लढत आणि २०१५ ची ही, दोन्ही लागोपाठ बघा. हॅटनची नाही बघितली तरी चालेल.